पोरीच्या खुराकात काय जातंय, ते आधी बघा

कडेगाव तालुक्यातल्या एका गावात शेतीशाळा संपवून मी गाडीला किक मारत होतो. एवढ्यात एक ओळखीचे शेतकरी हातात पिशवी घेऊन आडवे आले. मला वाटले, उसाचे पान आणले असेल. त्या दिवसांत तांबेऱ्याची तक्रार फार होती. पण पिशवीतून निघाला प्लॅस्टिकचा भलामोठा डबा. आत पांढरी पावडर, बाहेर दंड फुगवलेल्या एका परदेशी गड्याचा फोटो.

"साहेब, तुम्ही औषधाच्या बाटल्या वाचून सांगताय. एवढं वाचून द्या की. थोरली पोरगी तालमीत जाती. तिला कुणीतरी आणून दिलंय. ताकद येती म्हणत्यात."

मी डबा फिरवून फिरवून बघितला. बनवणाऱ्याचा पत्ता नाही. बॅच नंबर नाही. खाण्याच्या पाकीटबंद वस्तूवर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापावा लागतो, तोही नाही. घटकांच्या जागी नुसते 'खास शक्तिवर्धक मिश्रण'. कशाचे किती टक्के, याचा पत्ताच नाही. विचारले, "तात्या, पावती हाय का?" म्हणाले, "पावती कशाची साहेब? ओळखीतला माणूस हाय."

वाचकहो, हा संवाद आम्हा शेती खात्यातल्या लोकांना तोंडपाठ आहे. फक्त आम्ही तो द्राक्षबागेच्या बांधावर ऐकतो, टॉनिकच्या बाटलीबद्दल. त्या दिवशी तो एका मुलीच्या पोटात जाणाऱ्या पावडरीबद्दल ऐकला आणि मनाला लागला. म्हणून शेतीचा माणूस असूनही आज कुस्तीबद्दल लिहितो आहे. या दोन गोष्टी एकमेकींपासून वाटतात तेवढ्या लांब नाहीत, हे पुढे तुमच्या ध्यानात येईलच.

एकीला पदक, दुसरीला नोटीस

आधी बातमी काय आहे ते बघू. हरियाणाची रितिका हुड्डा हे नाव कुस्तीच्या शौकिनांनी ऐकले असेल. २०२३ साली २३ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत ७६ किलो वजनी गटात तिने सुवर्णपदक घेतले. त्या वयोगटात असे पदक आणणारी ती पहिली भारतीय मुलगी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिची उपांत्यपूर्व फेरीची कुस्ती १-१ अशी बरोबरीत सुटली. शेवटचा गुण किरगिझस्तानच्या मुलीचा होता, म्हणून नियमाप्रमाणे रितिका हरली. पुढे २०२५ च्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक आणले.

आणि त्याच २०२५ च्या जुलैत बातमी आली की मार्चमधल्या निवड चाचणीवेळी घेतलेल्या तिच्या नमुन्यात बंदी घातलेले द्रव्य सापडले आणि तिला तात्पुरते निलंबित केले गेले. आपण काही गैर केलेले नाही, असे तिचे म्हणणेही छापून आले. तात्पुरते निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे, हे आपण विसरायचे नाही. पण सप्टेंबरात क्रोएशियातल्या झाग्रेबला जागतिक स्पर्धा झाली, तिथे ती नव्हती. त्या स्पर्धेत भारताला एकच पदक मिळाले. ५३ किलो गटात अंतिम पंघालने कांस्य आणले. एका देशाच्या, एकाच राज्याच्या दोन मुली. एकीच्या गळ्यात पदक पडले, दुसरीच्या हातात नोटीस पडली.

परदेशातही हे घडते. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ६२ किलो गटाचे सुवर्णपदक मंगोलियाच्या ओरखोन पुरेवदोर्जने जिंकले. ती आदल्या वर्षीची जगज्जेती. नमुन्यात स्टॅनोझोलॉल नावाचे स्टिरॉइड निघाले. पदक काढून घेतले आणि ते किरगिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोवाकडे गेले. आता विचार करा, जिला पदक मागाहून मिळाले तिचे काय? राष्ट्रगीत वाजले ते दुसऱ्याचे, झेंडा चढला तो दुसऱ्याचा. हक्काचा क्षण गेला तो गेलाच.

आता देशाचा हिशेब. उत्तेजकांवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था म्हणजे वाडा. ती १९९९ साली स्थापन झाली. आपल्या देशाची संस्था नाडा, ती २००५ ची. वाडाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यातले २६० सदोष निघाले. म्हणजे शेकडा ३.६. यात २९ नमुने कुस्तीचे होते. चीनने आपल्या तिपटीहून जास्त नमुने तपासले, तरी त्यांचे सदोष नमुने आपल्यापेक्षा कितीतरी कमी. सदोष नमुना म्हणजे लगेच गुन्हा सिद्ध झाला असे नाही. काहींना डॉक्टरी कारणाने सवलत असते, काहींची सुनावणी व्हायची असते. तरीही मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत आपला देश ओळीने तीन वर्षे वरच्या जागी राहिला, ही काही फेटा उडवायची गोष्ट नाही.

आपल्या मातीचा काय संबंध?

हरियाणाच्या गोष्टी आम्हाला कशाला सांगता, असे कुणी म्हणेल. तर सांगतो. कृष्णा-वारणा-येरळेच्या या पट्ट्याने देशाला कुस्ती दिली आहे. खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. हिंदकेसरी मारुती माने कवठे पिरानचे, १९६२ च्या आशियाई खेळांचे सुवर्णपदक विजेते. कुंडलचे मैदान तर आपल्या शेजारचेच. हलगी वाजली की कडेगाव, पलूस, खानापूरचा माणूस उसाचे पाणी सोडून मैदानाला जातो.

पण या सगळ्या परंपरेत मुलगी कुठे होती? आखाड्यात बाईने पाय ठेवू नये म्हणणारी माणसे आपणच होतो. जगातही फार आधी झाले असे नाही. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती आली २००४ साली, अथेन्सला. आपल्याकडे महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा व्हायला मार्च २०२३ उजाडले. ती झाली मात्र आपल्या सांगलीत, आणि पहिली गदा उचलली ती सांगली जिल्ह्यातल्याच प्रतीक्षा बागडीने. अंतिम कुस्तीत समोर होती कल्याणची वैष्णवी पाटील.

त्या गदेने फार मोठे काम केले. तोवर 'पोरीला कुठं कुस्ती' म्हणणारे बाप सकाळी पाच वाजता पोरीला गाडीवर बसवून तालमीत सोडू लागले. यात्रेच्या मैदानात मुलींच्या जोडी लागू लागल्या. शेणामेणाची कामे करणारी आई दुधाचा तांब्या आधी पोरीपुढे ठेवू लागली. हे दिवस बघायला आपल्याला किती पिढ्या लागल्या! म्हणून हा डबा मला भयंकर वाटतो. नांगरट झाली, पेरणी झाली, पीक गुडघ्याएवढे आले आणि आता कुणी तणनाशकाची उलटी फवारणी करील की काय, अशी ही भीती आहे.

द्राक्षाची पेटी आणि लघवीची बाटली

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तपासणी कशी होते हे गावात बहुतेकांना माहीत नाही. पण द्राक्षवाल्या शेतकऱ्याला ती चटकन समजेल, कारण तो रेसिड्यूच्या तपासणीतून गेलेला असतो.

कुस्ती झाली की किंवा सराव शिबिरात अचानक नाडाचा माणूस समोर उभा राहतो. मुलगी असेल तर सोबत बाईच असते. नमुना देईपर्यंत ती नजरेआड होऊ देत नाही. किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते, तीही त्या बाईच्या समोर. मग खेळाडूने स्वतः निवडलेल्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत ती भरून सील करतात. प्रयोगशाळेला खेळाडूचे नाव जात नाही, फक्त नंबर जातो. मागच्या सात दिवसांत कोणकोणती औषधे घेतली, हे फॉर्मवर लिहून घेतात. 'ए' बाटलीत दोष निघाला तर खेळाडूला 'बी' बाटली तपासायला सांगता येते. त्यानंतर सुनावणी, निकाल आणि अपील.

आपल्या निर्यातीच्या बागेचेही असेच नाही का? नमुना घेतात, सील करतात, नंबर टाकतात, प्रयोगशाळेत पाठवतात. आणि अहवालात एखादे द्रव्य मर्यादेबाहेर निघाले, तर "मी मारलंच नव्हतं हो, शेजाऱ्याच्या बागेतून वाऱ्यानं आलं असंल" हे कुणी ऐकून घेत नाही. माल तुझा, जबाबदारी तुझी.

२०१० साल जुन्या बागायतदारांच्या लक्षात असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपण ज्याला बोलीत लिहोसिन म्हणतो, ते वेलीची फाजील वाढ रोखायला आणि काडीत माल धरायला सर्रास मारले जायचे. सगळे मारतात म्हणून मारायचे. युरोपच्या प्रयोगशाळेत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि आपल्या द्राक्षांचे कंटेनर बंदरात अडकले. निर्यातदार बुडाले, शेतकऱ्यांचे पैसे अडकले. ज्यांनी एक थेंबही मारला नव्हता त्यांचाही भाव पडला. सुक्याबरोबर ओले जळाले.

पैलवानाच्या बाबतीत जबाबदारीचा नियम तर याहून कडक आहे. तुझ्या शरीरात जे सापडले, ते तिथे कसे आले याचा जाब तूच द्यायचा. वस्तादाने दिले, मैत्रिणीने दिले, दुकानदाराने फसवले, ही कारणे शिक्षा कमी व्हायला कधी उपयोगी पडतील. सुटका करतीलच असे नाही. स्टिरॉइडसारख्या द्रव्याला साधारण चार वर्षांची बंदी आहे. वीस वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातली चार वर्षे म्हणजे तिची सगळी कुस्तीच.

नरसिंगची गोष्ट आठवा

आपल्या महाराष्ट्राला हा धडा एकदा मिळालेला आहे. नरसिंग यादव ओळीने तीन वेळा, २०११, २०१२ आणि २०१३ ला, महाराष्ट्र केसरी झाला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन त्याने ऑलिंपिकची जागा मिळवली. २०१६ च्या जूनमधल्या नमुन्यात मेथॅन्डिनोन नावाचे स्टिरॉइड निघाले. सोनपतच्या सराव केंद्रात माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले, असे तो म्हणाला. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने त्याचे म्हणणे मान्य करून त्याला सोडले. महाराष्ट्राने फटाके वाजवले. पण वाडाने अपील केले आणि १८ ऑगस्टला, रिओमध्ये त्याची कुस्ती दुसऱ्या दिवसावर आली असताना, क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. मिसळल्याचा ठोस पुरावा नाही, उलट गोळीच्या रूपाने एकाहून अधिक वेळा घेतल्याची शक्यता जास्त वाटते, असे लवादाचे मत पडले.

खरे काय ते त्याचे त्याला माहीत. आपण न्यायाधीश नव्हे. पण एक गोष्ट बघा. आदल्याच दिवशी, १७ ऑगस्टला, त्याच रिओत साक्षी मलिकने कांस्यपदक जिंकले होते. महिला कुस्तीतले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. एका रात्रीत देशाने कुस्तीतला सर्वात मोठा आनंदही बघितला आणि सर्वात मोठी नामुष्कीही.

मुलीला जास्त धोका का?

स्टिरॉइड म्हणजे काय, तर पुरुषाच्या शरीरातल्या संप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य. आपण द्राक्षाला जीए मारतो, मणी फुगतो. माप चुकले तर घड बिघडतो, पुढच्या हंगामाला काडी नापीक राहते. वेलीचे ठीक आहे, पुढच्या वर्षी छाटणी करू. मुलीच्या शरीराला पुन्हा छाटणी नाही. आवाज जाड होतो, तोंडावर केस येतात, पाळी बिघडते, यकृतावर ताण येतो. यातले काही बदल औषध बंद केल्यावरही मागे फिरत नाहीत. जाड झालेला आवाज तसाच राहतो.

याचा सर्वात काळा दाखला पूर्व जर्मनीचा. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथल्या सरकारनेच हजारो खेळाडूंना निळ्या गोळ्या चारल्या. त्यात बारा-तेरा वर्षांच्या पोरीही होत्या. त्यांना सांगितले जायचे, जीवनसत्त्वे आहेत. हायडी क्रीगर ही मुलगी १९८६ साली गोळाफेकीत युरोपची विजेती झाली. त्या औषधांनी शरीराची इतकी ओढाताण झाली की पुढे तिने लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली. २००० साली बर्लिनच्या कोर्टाने तिथले क्रीडाप्रमुख मॅनफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मॅनफ्रेड ह्योपनर यांना दोषी धरले. एकाला २२ महिने, दुसऱ्याला १८ महिने शिक्षा झाली, तीही स्थगित. आणि मुलींना जन्माची.

"जीवनसत्त्वे आहेत" आणि "ताकद येती म्हणत्यात" या दोन वाक्यांत मला काही फरक दिसत नाही.

दुसरा धोका वजनाचा. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगटचे काय झाले हे सगळ्या देशाने बघितले. १०० ग्रॅम वजन जास्त भरले आणि अंतिम फेरीत पोचलेली मुलगी बाद झाली. त्यात उत्तेजकाचा काही संबंध नव्हता. पण त्यावरून कळते की वजनाच्या काट्याची भीती काय असते. मग कुणीतरी सल्ला देतो, पाणी काढायची गोळी घे, दोन किलो उतरशील. ती रक्तदाबाच्या किंवा सूज आलेल्या रुग्णाची गोळी असते. ती यादीत आहे, कारण ती शरीरातले इतर औषध लपवायलाही वापरतात. शिवाय उपाशी, तहानलेल्या पोरीने ती घेतली तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणजे पकडली गेली तर कुस्ती जाते, नाही पकडली तर जीव जाऊ शकतो.

तिसरा धोका इंजेक्शनचा. मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शन भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर वापरतात. ते व्यायामशाळांतून चोरून विकले जाते. पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी असे साठे पकडल्याच्या बातम्या आपण याच पानांवर वाचल्या आहेत. तेही बंदीच्या यादीत आहे. त्याने ताकद येत नाही, थकवा कळेनासा होतो, एवढेच. बैलाला चाबूक मारून नांगर ओढून घ्यावा, तसा हा प्रकार.

संशयाचे तण

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. असे लेख वाचून गावात काय होते, हे मला ठाऊक आहे. पारावर चर्चा सुरू होते. अमक्याची पोरगी जिंकली, दंड बघा तिचे, आवाज बघा, इंजेक्शन घेत असणार. मुलगा जिंकला की आपण म्हणतो, काय मेहनत केली पोराने! मुलगी जिंकली की म्हणतो, काय घेतले असेल हिने? हे पाप आहे. जी मुलगी पहाटे चारला उठून हजार बैठका मारते, तिचे दंड भरणारच. मेहनतीने भरलेला दंड आणि औषधाने भरलेला दंड नुसत्या नजरेने ओळखणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. ते काम प्रयोगशाळेचे आहे, पाराचे नाही.

आणि नमुना सदोष निघाला तरी दर वेळी लबाडीच असते असेही नाही. २०११ साली मेक्सिकोत १७ वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला. २०८ पैकी १०९ नमुन्यांत क्लेनब्युटेरॉल सापडले. शोध घेतला तेव्हा कळले की तिथे जनावरांना मांस वाढावे म्हणून ते चारले जात होते आणि मुलांनी ते मांस खाल्ले होते. पोरे निर्दोष सुटली. पशुपालकाने गोठ्यात केलेला उद्योग खेळाडूच्या बाटलीत उतरला. आम्ही शेतीवाल्यांनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे.

संशय कमी करायचा एकच उपाय आहे, तो म्हणजे जास्त तपासणी आणि उघड नोंदी. जिथे तपासणी होते तिथे स्वच्छ मुलगी ताठ मानेने म्हणू शकते, "घ्या नमुना."

खरी गोम कुठे आहे?

माझ्या मते खरी गोम इथे आहे. गावच्या यात्रेतल्या मैदानात तपासणी होत नाही. शाळेच्या, तालुक्याच्या कुस्तीत तर हे नावही कुणाला ठाऊक नसते. म्हणजे मुलगी दहाव्या वर्षी तालमीत गेली, अठराव्या वर्षापर्यंत शे-दीडशे कुस्त्या केल्या, तरी तिला कुणी विचारले नाही की तू काय खातेस. आणि एक दिवस राष्ट्रीय शिबिरात गेली की एकदम जगातला सर्वात कडक नियम लागू. बाजार समितीत डोळे झाकून माल विकणाऱ्याला एका रात्रीत युरोपला माल पाठवायला सांगावे, तसे हे आहे. तो नापास होणारच, आणि दोष त्याच्या एकट्याचा नसणार.

दुसरी गोष्ट घाईची. मुलाला तीस वर्षांपर्यंत कुस्ती करू देतात. मुलीला घरात सांगितलेले असते, बावीस-तेवीसपर्यंत काय ते दाखव, मग लग्न. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी पदक लागते. बापाने जनावर विकून खुराक पुरवलेला असतो. एवढे ओझे मानेवर असताना कुणी म्हणाले, तीन महिन्यांत फरक दिसेल, तर मोह होणार नाही का?

तिसरी गोष्ट बोलण्याची. तालमीत वस्तादाचा शब्द देवाचा. ती शिस्त चांगलीच आहे, तिने पैलवान घडवले. पण मुलीने "यात काय आहे?" एवढेही विचारायचे नाही, ही शिस्त नव्हे. २०२३ च्या जानेवारीत देशाच्या नामवंत महिला मल्ल दिल्लीला जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा गाऱ्हाणे वेगळे होते, लैंगिक छळाचे होते. पण त्यातून एक गोष्ट दिसली. ज्यांच्या गळ्यात ऑलिंपिकचे पदक आहे त्यांनाही बोलायला रस्त्यावर बसावे लागते, तर कडेगाव-विट्याच्या पोरीने कुणाकडे बघून बोलावे?

आता करायचे काय?

कायदा आहे. २०२२ साली संसदेने उत्तेजकविरोधी कायदा केला. दिल्लीतल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेची जागतिक मान्यता २०१९ ला निलंबित झाली होती, ती २०२१ च्या अखेरीस परत मिळाली. पण कायदा आणि प्रयोगशाळा दिल्लीत आणि डबा आपल्या घरात. म्हणून काही गोष्टी आपणच करायच्या आहेत. शेतकऱ्याला जे सांगतो, तेच पैलवानाच्या आईबापाला सांगतो.

पहिले, बिनपावतीची, बिनलेबलाची वस्तू पोरीच्या पोटात जाऊ देऊ नका. लेबलावर बनवणारा, पत्ता, परवाना, बॅच, घटक आणि मुदत एवढे हवेच. लेबल असले म्हणजे आतला माल शुद्धच असेल अशी हमी नाही. पण लेबलच नसेल तर विचार करायचेही कारण नाही. पावती आणि रिकामा डबा जपून ठेवा. उद्या सुनावणीत तेच कामाला येईल. 'देशी', 'आयुर्वेदिक' एवढ्या शब्दावरही विसंबू नका.

दुसरे, सर्दी-खोकल्याला डॉक्टरकडे गेलात तर आधीच सांगा, मुलगी कुस्ती खेळते. खोकल्याच्या काही औषधांतही चालत नाहीत अशी द्रव्ये असतात. नाडाचे 'नो युवर मेडिसिन' नावाचे मोबाइल अ‍ॅप आहे. औषधाचे नाव टाकले की चालते की नाही ते कळते. दमा किंवा दुसऱ्या आजारासाठी खरोखरच औषध लागत असेल, तर कागदपत्रे देऊन आधी परवानगी मागता येते. लपवू नका.

तिसरे, पोरीला वही घालून द्या. निर्यातीचा बागायतदार जशी फवारणीची नोंदवही ठेवतो, तशी ही खुराकाची वही. तारीख, काय घेतले, किती घेतले, कुणी दिले. आणि शिबिरात असताना उघडी बाटली तोंडाला लावायची नाही, मग ती जिवलग मैत्रिणीची का असेना.

चौथे, यात्रा कमिट्यांनो, एक विनंती. मुलींच्या कुस्त्या लावताय हे फार चांगले करताय. त्या दिवशी मैदानात माइकवरून एक जाणता डॉक्टर दहा मिनिटे बोलू द्या. पाहुण्यांच्या सत्कारातली दहा मिनिटे कमी केली तरी भागेल. आणि वस्तादांनो, तुमच्या तालमीत बाहेरून कोण काय आणून देतो, यावर तुमची नजर पाहिजे. पोरगी पकडली गेली तर वृत्तपत्रात नाव तिचे येते, पण गावात तोंड तुम्हालाही दाखवायचे असते.

पाचवे आणि शेवटचे, खुराक. आमच्या भागात ताकारी-टेंभूचे पाणी आले. घरोघरी दूध आहे, अंडी आहेत, शेंगदाणे आहेत, मूग-मटकी-हरभरा आहे. वाढत्या वयाच्या मुलीला लागणारी प्रथिने त्या डब्यापेक्षा यातून स्वस्त मिळतात. आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी असते, ही खरी अडचण. ते आधी तपासून घ्या. पुष्कळदा मुलगी 'दमात कमी पडते' म्हणतात ती रक्त कमी म्हणून, आणि घरचे शोधत बसतात इंजेक्शन.

महिन्याभराने ते तात्या पुन्हा भेटले. डबा उकिरड्यात टाकला म्हणाले. दवाखान्यात नेऊन पोरीचे रक्त तपासले, ते कमी निघाले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या चालतात का, हे पोरीने स्वतः मोबाइलवर बघितले आणि मग घेतल्या. "साहेब, आता मला बी इचारती, ह्या दुधात पाणी किती घातलं म्हणून," असे म्हणून ते हसले.

विचारू द्या. उद्या नमुना द्यायची वेळ येईल, तेव्हा बाटली तिच्या हातात असणार आहे, तुमच्या-आमच्या नाही.